दोन फोनमधली पस्तीस मिनिटे: शस्त्रक्रियेनंतरच्या सेप्सिसचे एक प्रकरण

हे प्रकरण सेप्सिसचे, म्हणजे संसर्गामुळे अवयव बिघडून जिवावर बेतण्याचे आहे, आणि ते वॉर्डात काम करणाऱ्या परिचारिकांसाठी रचलेले आहे. रुग्ण काल्पनिक आहे. आकडे, घटनांचा क्रम आणि संभाषणे मात्र वॉर्डात घडतात तशीच ठेवली आहेत, त्यामुळे वाचताना एखादी रात्र ओळखीची वाटली तर नवल नाही. वाचकाने प्रत्येक नोंदीपाशी थांबून ‘इथे मी काय केले असते’ हे आधी ठरवावे आणि मगच पुढे जावे.

रुग्ण आणि संध्याकाळ

चौसष्ट वर्षांच्या बाई, वजन ६० किलो. मधुमेह आणि उच्च रक्तदाब बऱ्याच वर्षांचा. रोजच्या गोळ्यांत मेटफॉर्मिन, सकाळी ॲटेनोलॉल (बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी मंदावणारे बीपीचे औषध) आणि रात्री टेल्मिसार्टन. डाव्या मूत्रवाहिनीत खडा अडकला होता. गेल्या तीन महिन्यांत लघवीच्या जंतुसंसर्गासाठी त्यांनी अँटिबायोटिकचे दोन कोर्स घेतले होते. शस्त्रक्रियेआधीच्या लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, काही वाढले नव्हते. दुपारी दुर्बिणीतून लेझरने खडा फोडला, डीजे स्टेंट (मूत्रवाहिनीत लघवीला वाट ठेवणारी नळी) ठेवला, कॅथेटर घातले. शस्त्रक्रियेपूर्वी अँटिबायोटिकचा नेहमीचा एक डोस दिला होता.

त्या कल्चरबद्दल इथेच एक गोष्ट सांगायला हवी. खड्याने मूत्रवाहिनी अडली असेल तर मूत्राशयातली लघवी वरच्या बाजूला काय साचले आहे ते सांगतेच असे नाही. खड्यात आणि खड्याच्या वर जंतू असतात, खाली उतरणारी लघवी स्वच्छ असते. खडा फोडताना आत सोडलेल्या पाण्याचा दाब वाढला की हे जंतू आणि त्यांची विषे थेट रक्तात जातात. म्हणून या शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही तास जोखमीचे असतात, आणि ‘कल्चर निगेटिव्ह आहे’ हे वाक्य हॅण्डओव्हरमध्ये ऐकले तरी निर्धास्त होता येत नाही.

त्या दिवशीच्या नोंदी अशा होत्या:

दाखल होताना: बीपी १४८/८४, नाडी ६८, श्वसन १६, ऑक्सिजन ९८ टक्के, ताप ३६.७ अंश सेल्सिअस.
संध्याकाळी ६: बीपी १३८/७८, नाडी ७४, श्वसन १८, ऑक्सिजन ९७, ताप ३७.९. वेदनेसाठी पॅरासिटामॉल शिरेतून.
रात्री ८: बीपी १२४/६६, नाडी ८४, श्वसन १८, ऑक्सिजन ९६, ताप ३७.२.
रात्री १०: बीपी १०८/५४, नाडी ९२, श्वसन २४, ऑक्सिजन ९५, ताप ३७.३.

आठ वाजता ड्यूटी बदलली. हॅण्डओव्हर दोन वाक्यांत झाला: “चौदा नंबर, खड्याचं ऑपरेशन, स्टेंट आहे, सगळं स्टेबल. रात्रीच्या गोळ्या द्यायच्यात.” साडेसातच्या सुमाराला बाईंना चांगलीच हुडहुडी भरली होती, दात वाजत होते. मुलीने सांगितल्यावर एक जादा ब्लँकेट दिले गेले आणि थोड्या वेळाने थंडी थांबली. ही गोष्ट चार्टवर आली नाही, हॅण्डओव्हरमध्येही नाही.

रात्री दहा

रात्रपाळीची सिस्टर दहा वाजता टेल्मिसार्टनची गोळी घेऊन आली. बीपीची गोळी देण्याआधी बीपी बघायचे ही तिची सवय, आणि या प्रकरणातला पहिला धागा तिथेच हाती लागला. यंत्राने १०८/५४ दाखवले. बाई बोलत होत्या, पण एका दमात वाक्य पुरे होत नव्हते. म्हणून तिने घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. २४ आले.

न्यूज-२ ही रुग्ण ढासळतोय का हे नोंदींना गुण देऊन ओळखण्याची, ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सची गुणपद्धत. २०१२च्या मूळ पद्धतीची ही २०१७ची सुधारित आवृत्ती. तिच्यात या नोंदींचे गुण असे पडतात: श्वसन २४ ला दोन, ऑक्सिजन ९५ ला एक, वरचा रक्तदाब १०८ ला एक, नाडी ९२ ला एक, ताप आणि शुद्ध यांना शून्य. एकूण ५. याच पद्धतीनुसार ५ किंवा ६ गुण म्हणजे डॉक्टरांनी तातडीने पाहायला हवे आणि निदान तासाला एकदा सगळ्या नोंदी पुन्हा घ्यायला हव्यात. संसर्गाची शक्यता असलेल्या रुग्णाचा स्कोअर ५ झाला की ‘हे सेप्सिस असू शकेल का’ हा प्रश्न विचारायचाच असतो.

सिस्टरने गोळी थांबवली आणि दहा वाजून दहा मिनिटांनी ऑन-कॉल रेसिडेंटला फोन केला.

“सर, युरोलॉजी वॉर्डातून बोलतेय. चौदा नंबरच्या काकू जरा अस्वस्थ आहेत. बीपी १०८ आहे. रात्रीची बीपीची गोळी देऊ का?”

“नको, आजची राहू दे. बाकी ठीक आहे ना? दुखत असेल. पेनकिलर द्या आणि तासाभराने बीपी परत बघा.”

“बरं सर.”

पहिला फोन कुठे गेला

या संभाषणात डॉक्टर बेफिकीर होते असे मला वाटत नाही. त्यांना गोळीबद्दल विचारले गेले आणि त्यांनी गोळीचे उत्तर दिले, तेही बरोबर. १०८ हा आकडा एकटा ऐकला तर कुणालाही चांगलाच वाटेल. दाखल होताना तो १४८ होता, म्हणजे चाळीसने उतरला आहे, हे फोनवर आले नाही. मोजून आलेला श्वसनाचा आकडा आला नाही. स्कोअर आला नाही. मुख्य म्हणजे ‘तुम्ही या’ ही मागणीच झाली नाही.

सिस्टरच्या मनात काय होते ते तिच्या कृतीत दिसते. तिने मिनिटभर श्वास मोजले, गोळी अडवली, लगेच फोन लावला. तिला काळजी वाटत होती. पण काळजी औषधाच्या प्रश्नाच्या वेष्टनात पोहोचली आणि समोरच्याने वेष्टनालाच उत्तर दिले. वॉर्डात हे इतके सर्रास घडते की त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. वरिष्ठांना थेट ‘या’ म्हणणे आगाऊपणाचे वाटते, गोळीबद्दल विचारणे सुरक्षित वाटते. सेप्सिसच्या प्रशिक्षणात लक्षणे घोकून घेतली जातात, पण माझ्या मते अर्धा वेळ या फोनवर द्यायला हवा. लक्षण दिसण्यात जितका वेळ जातो त्याहून जास्त वेळ ते दिसल्यानंतर, ते योग्य माणसापर्यंत योग्य शब्दांत पोहोचेपर्यंत जातो.

दहा चाळीस

सिस्टरने तासभर वाट पाहिली नाही. अर्ध्या तासाने ती परत आली. मुलगी म्हणाली, “सिस्टर, आई मला मावशीच्या नावाने हाक मारतेय. आपण कुठे आहोत असं सारखं विचारतेय.”

बीपी ९८/४६, नाडी ९८, श्वसन २६, बाहेरच्या ऑक्सिजनशिवाय पातळी ९३, ताप ३७.९. नवा गोंधळ. आता गुण असे: श्वसनाचे तीन, ऑक्सिजनचे दोन, रक्तदाबाचे दोन, नाडीचा एक, शुद्धीचे तीन. एकूण ११. सात किंवा अधिक म्हणजे आणीबाणी.

तिने आणखी तीन गोष्टी पाहिल्या, आणि तिन्हींना मिळून दोन मिनिटेही लागली नाहीत. ग्लुकोमीटरवर साखर २१२. म्हणजे गोंधळाचे कारण साखर उतरणे नव्हे. मधुमेही रुग्ण गोंधळला की ही तपासणी आधी. दुसरे, बोटाच्या टोकावर दाब देऊन सोडला तर रंग परत यायला चार सेकंद लागत होते. तीनपेक्षा जास्त म्हणजे कातडीपर्यंत रक्त नीट पोहोचत नाही. तिसरे, युरोबॅग. आठ वाजता रिकामी केलेल्या पिशवीत ४५ मिली लघवी होती. साठ किलोच्या माणसाला ताशी निदान ३० मिली हवी. इथे दोन तास चाळीस मिनिटांत ४५ म्हणजे ताशी सतरा मिलीसुद्धा नाही. कॅथेटर कुठे मुडपले नाही ना, हेही तिने पाहून घेतले. मुलीला विचारल्यावर साडेसातची हुडहुडी पहिल्यांदा समोर आली.

सरासरी रक्तदाब काढायचा तर खालच्या आकड्याची दुप्पट अधिक वरचा आकडा, भागिले तीन. ९८/४६ चा येतो ६३. सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे सेप्सिसने रक्तदाब कोसळतो तेव्हा, हा ६५ च्या वर ठेवायचा असतो.

दहा पंचेचाळीसला दुसरा फोन.

“सर, युरोलॉजीची रात्रपाळीची सिस्टर. चौदा नंबर, न्यूज स्कोअर ११ आहे, दहा वाजता ५ होता. मला सेप्सिसची शंका आहे. आज दुपारी खडा फोडून स्टेंट टाकलाय. डायबेटिस आहे, ॲटेनोलॉल चालू आहे. साडेसातला थंडी वाजून आली होती. बीपी ९८/४६, दाखल होताना वरचं १४८ होतं. श्वास २६, ऑक्सिजनशिवाय सॅच्युरेशन ९३, नव्याने गोंधळल्या आहेत, आठपासून लघवी फक्त ४५ मिली, शुगर २१२. तुम्ही आत्ता यायला हवं. मी ऑक्सिजन लावते, दुसरी लाईन घेते, कल्चर आणि लॅक्टेटची तयारी करते. किती वेळात पोहोचाल?”

“दहा मिनिटांत. दोन्ही हातांतून कल्चर काढा, रिंगर लॅक्टेट सलाईन पाचशे मिली सुरू करा.”

“दोन कल्चर, रिंगर लॅक्टेट पाचशे. इन्चार्ज सिस्टरना आणि आयसीयूच्या टीमलाही कळवते.”

हे बोलणे एका मिनिटात संपते. परिस्थिती, पार्श्वभूमी, मूल्यांकन, मागणी या क्रमाने बोलण्याची ही पद्धत एसबार नावाने शिकवली जाते. ती मुळात अमेरिकेच्या नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरून आली, आणि आरोग्यसेवेत ती रुजवण्यात कैसर परमनेंटे या संस्थेचा मोठा वाटा आहे. चारपैकी शेवटचा भाग, म्हणजे मागणी, सगळ्यात जास्त गळतो. इथे ती दोनदा आली: ‘आत्ता यायला हवं’ आणि ‘किती वेळात पोहोचाल’. दुसरा प्रश्न विशेष उपयोगी, कारण उत्तर ‘अर्ध्या तासाने’ असे आले असते तर सिस्टरला तिथल्या तिथे कळले असते की आता पुढच्या पायरीवर, म्हणजे वरिष्ठ डॉक्टरांना फोन करायचा आहे. पुढच्या पायरीवर जाणे म्हणजे कुणाची तक्रार करणे नव्हे. प्रत्येक वॉर्डात ही साखळी लिहून लावलेली असावी, म्हणजे मध्यरात्री धीर गोळा करत बसावे लागत नाही.

पुढचा तास

दहा पंचावन्नला डॉक्टर पलंगापाशी होते. त्याआधी ऑक्सिजन लागला होता, जाड इंट्राकॅथ (शिरेत ठेवायची नळी) दुसऱ्या हातात बसली होती आणि कल्चरच्या बाटल्या ट्रेमध्ये होत्या. इन्चार्ज सिस्टरने कामे वाटली: एकीने रक्त काढायचे, दुसरीने अँटिबायोटिक तयार करायचे, स्वतः इन्चार्जने आयसीयूशी बोलायचे आणि प्रत्येक गोष्टीची वेळ लिहायची. वेळ लिहिणारे हात वेगळे असले की नोंदी खऱ्या राहतात. नंतर आठवून लिहिलेल्या वेळा हमखास गोल आकड्यांवर येतात.

कल्चरचे दोन संच, दोन वेगळ्या जागांहून, नव्याने टोचून काढले; जुन्या लाईनमधून काढलेले रक्त कातडीवरच्या जंतूंनी दूषित निघण्याची शक्यता जास्त. क्लोरहेक्सिडीनने कातडी पुसल्यावर ती वाळू दिली. ही घाईत सर्वांत आधी गाळली जाणारी पायरी. मोठ्या माणसाच्या प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली रक्त हवे. दोन-तीन मिलीत जंतू सापडण्याची शक्यता फार घटते. लघवीचा नमुना कॅथेटरच्या नमुना-मुखातून घेतला, पिशवीतून नाही.

रक्तातले लॅक्टेट ४.६ आले. दोनच्या वर म्हणजे पेशींपर्यंत पुरेसा ऑक्सिजन पोहोचत नसल्याची किंवा चयापचय बिघडल्याची खूण. चार आणि त्यावर असेल तर बीपी कितीही असो, द्रव सुरू करावा असे सर्व्हायव्हिंग सेप्सिस कॅम्पेन या आंतरराष्ट्रीय मोहिमेचा २०१८चा एका तासाचा उपचार-संच सांगतो.

अकरा वाजून बारा मिनिटांनी मेरोपेनेम या अँटिबायोटिकचा पहिला डोस गेला. आधीचे अँटिबायोटिकचे कोर्स लक्षात घेऊन डॉक्टरांनी ते निवडले. ते वॉर्डाच्या आपत्कालीन साठ्यात होते म्हणून वीस मिनिटे वाचली. अनेक ठिकाणी औषध लिहिले जाते एका वेळी आणि रुग्णाच्या शिरेत जाते दुसऱ्याच वेळी. मधला वेळ इंडेंट (औषधाचे मागणीपत्र), औषधालय आणि वॉर्डबॉय यांच्यात विरघळतो. परीक्षण करायचे तर ऑर्डरच्या वेळेचे नव्हे, डोस सुरू झाल्याच्या वेळेचे करावे. आणि कल्चर काढायला अडचण आलीच, तर त्यासाठी अँटिबायोटिक अडवून ठेवू नये.

इथे तो नेहमीचा आकडा आठवतो. सेप्टिक शॉकमध्ये रक्तदाब उतरल्यानंतर योग्य अँटिबायोटिकला होणाऱ्या प्रत्येक तासाच्या उशिरासोबत जगण्याची शक्यता सरासरी ७.६ टक्क्यांनी घटली, असे २००६च्या एका मोठ्या निरीक्षण-अभ्यासात दिसले. तो आकडा शॉकमधल्या रुग्णांचा आहे. ताप आलेल्या प्रत्येकाला तो लावला तर अँटिबायोटिकची विनाकारण खैरात होते. म्हणूनच सर्व्हायव्हिंग सेप्सिस कॅम्पेनच्या २०२१च्या मार्गदर्शनात फरक केला आहे: शॉक असेल किंवा सेप्सिसची दाट शक्यता असेल तर एका तासात, शॉक नसेल आणि निदान धूसर असेल तर झटपट तपासणी करून, शंका उरली तर तीन तासांत. आपल्या बाई अकरा वाजता पहिल्या गटात होत्या. दहा वाजता त्या दुसऱ्या गटात मोडल्या असत्या, आणि नेमकी तीच वेळ शांतपणे विचार करण्याची होती.

द्रवाचे गणित किलोमागे ३० मिली, म्हणजे साठ किलोला १८०० मिली, पहिल्या तीन तासांत. डॉक्टरांनी ते पाचशे-पाचशेच्या टप्प्यांनी दिले आणि प्रत्येक टप्प्यानंतर सिस्टरने श्वसन, ऑक्सिजन, फुप्फुसांतला आवाज, बोटाचा रंग आणि लघवी पाहिली. पंधराशे मिलीनंतर बीपी ९४/४४, म्हणजे सरासरी ६१ च्या आत. अकरा पन्नासला नॉरॲड्रेनलिन (रक्तदाब वर ठेवणारे औषध) सुरू झाले, मोठ्या शिरेत चांगल्या बसलेल्या लाईनमधून; सेंट्रल लाईनची वाट न पाहता असे सुरू करता येते. ही लाईन कोपराच्या खाली नसावी, आणि औषध शिरेबाहेर झिरपत नाही ना हे पुन्हा पुन्हा पाहायचे असते. जागा पांढरी पडली, गार लागली किंवा दुखू लागली तर लगेच सांगायचे. बारा पाचला बाई आयसीयूत गेल्या.

रक्ताच्या अहवालात क्रिएटिनिन ०.९ वरून २.१ वर आणि प्लेटलेट ९६ हजारांवर. म्हणजे मूत्रपिंड, रक्त, मेंदू आणि रक्ताभिसरण असे चार ठिकाणी नुकसान सुरू झाले होते. २०१६च्या व्याख्येत सेप्सिस म्हणजे संसर्गाला शरीराने दिलेल्या बेताल प्रतिसादामुळे अवयवांचे जिवावर बेतणारे बिघडणे. त्या व्याख्येत ताप हा शब्द नाही.

सोनोग्राफीत डावे मूत्रपिंड फुगलेले दिसले. स्टेंट असूनही निचरा होत नव्हता. रात्री दोन वाजता पाठीतून नळी घालून मूत्रपिंड मोकळे केले, तेव्हा पुवाने गढूळ लघवी बाहेर आली. अडकलेल्या जागेतला संसर्ग नुसत्या औषधाने आटोक्यात येत नाही, तो निचरा करूनच काढावा लागतो. सिस्टरने हॅण्डओव्हरमध्ये लघवीचा आकडा आणि कॅथेटर मोकळे असल्याची नोंद सांगितली होती, त्यामुळे अडथळा वर आहे हा विचार डॉक्टरांच्या मनात लवकर आला.

आठ वाजताचा चार्ट

आता मागे जाऊन आठच्या नोंदी पाहू. न्यूज-२ लावला तर एकूण शून्य येतात. चार्ट बघणाऱ्या कुणाचाही हात तिथे थांबला नसता. पण त्या शून्यामागे चार गोष्टी दडल्या होत्या.

ॲटेनोलॉलने नाडीला लगाम घातला होता. एरवी जी नाडी ११५-१२० झाली असती ती ८४ वर होती. ६८ वर राहणाऱ्या रुग्णाला ८४ ही वाढच. सहाच्या पॅरासिटामॉलने ताप खाली ठेवला होता. बीपी ‘नॉर्मल’ होते, फक्त या बाईंचे नव्हते. आणि श्वसन १८: वॉर्डातले चार्ट उलटून पाहिले तर हा आकडा किंवा त्याचा शेजारी २० इतक्या वेळा सापडतो की तो मोजलेला आहे यावर विश्वास बसत नाही. नाडी, बीपी, सॅच्युरेशन यंत्र देते, ताप थर्मामीटर देतो. श्वास तेवढे माणसाला मोजावे लागतात आणि म्हणून तेच अंदाजाने लिहिले जातात. दुर्दैव असे की ढासळणाऱ्या रुग्णात बहुधा श्वसनच आधी बदलते, कारण रक्तात आम्ल वाढू लागले की शरीर ते श्वासावाटे बाहेर टाकू पाहते. हे श्वास मोजताना रुग्णाला सांगायचे नाही. मनगट धरून नाडी पाहिल्यासारखे करावे आणि छाती बघावी.

आठला श्वास मोजले असते आणि समजा २२ आले असते, तरी स्कोअर दोनच झाला असता. म्हणजे ‘मोजले असते तर यंत्रणेने लगेच घंटा वाजवली असती’ असे म्हणता येत नाही. स्कोअरला रुग्णाची नेहमीची पातळी माहीत नसते, त्याच्या गोळ्या माहीत नसतात, साडेसातची हुडहुडी माहीत नसते. या गोष्टी परिचारिकेलाच माहीत असतात. म्हणून न्यूज-२ च्या मार्गदर्शनातही स्कोअर कमी असला तरी काळजी वाटत असेल तर वरती कळवावे असे म्हटले आहे. शून्य गुणांचा आधार घेऊन गप्प बसणे हा त्या पद्धतीचा अर्थ नाही.

मला इथे एक जुनी, सोपी आकडेमोड उपयोगी वाटते: नाडी भागिले वरचा रक्तदाब, म्हणजे शॉक इंडेक्स. दाखल होताना ०.४६, आठला ०.६८, दहाला ०.८५, दहा चाळीसला बरोबर १. साधारण ०.५ ते ०.७ ठीक मानतात. बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांत हा आकडाही दबलेला असतो, तरीही चढण स्पष्ट दिसते. एकेकटी नोंद पाहिली तर आठची ठीकच वाटते, ओळीने पाहिली तर नाही.

क्यूसोफा ही सेप्सिसची झटपट गुणपद्धत वापरणाऱ्या वॉर्डांसाठी एक नोंद. त्यात तीनच निकष: श्वसन २२ किंवा जास्त, वरचा रक्तदाब १०० किंवा कमी, बदललेली शुद्ध. दोन भरले की धोका. रात्री दहा वाजता बाईंचा क्यूसोफा एकच होता. दहा चाळीसला एकदम तीन. तो धोका खात्रीने सांगतो पण उशिरा सांगतो. म्हणून २०२१च्या मार्गदर्शनात चाळणीसाठी एकट्या क्यूसोफावर विसंबू नये असे स्पष्ट म्हटले आहे. सेप्सिस ओळखण्याचे जुने सर्सचे निकष दहालाच भरले होते, नाडी ९० च्या वर आणि श्वसन २० च्या वर. पण शस्त्रक्रियेनंतर ते अर्ध्या वॉर्डाचे भरतात, त्यामुळे त्यांच्यावरचा विश्वास उडतो. न्यूज-२ हा या दोहोंमधला मार्ग आहे, निर्दोष नाही.

राहिली हुडहुडी. मूत्रमार्गावरच्या शस्त्रक्रियेनंतर दात वाजवणारी थंडी म्हणजे जंतू रक्तात उतरले असावेत असा संशय घ्यायचा, ब्लँकेट द्यायचे ते ठीकच. मुलीने दोनदा नेमके सांगितले होते: एकदा थंडीबद्दल, एकदा बोलण्याबद्दल. नव्या गोंधळाला न्यूज-२ मध्ये तीन गुण २०१७पासून आहेत, पण गोंधळ नवा आहे की जुना हे घरच्या माणसालाच ठाऊक असते. ‘आज या नेहमीसारख्या वाटतात का?’ एवढा एक प्रश्न प्रत्येक फेरीत विचारावा. उत्तर ‘नाही’ आले तर तीही चार्टवर लिहायची नोंद आहे.

हिशेब

स्कोअर ५ झाला दहाला, अँटिबायोटिक गेले अकरा वाजून बारा मिनिटांनी. बहात्तर मिनिटे. त्यातली पस्तीस दोन फोनांच्या मधली. दुसऱ्या फोनपासून पहिल्या डोसपर्यंत सत्तावीस मिनिटे लागली. तेवढ्यात डॉक्टर आले, चार बाटल्या भरल्या, लॅक्टेट आले आणि औषध मिसळून तयार झाले. हात वेगवान होतेच, खोळंबा निरोपाचा होता.

पहिल्या फोनवर ‘न्यूज पाच आहे, चाळीसने बीपी उतरलंय, येऊन बघा’ असे म्हटले असते तर शॉक टळला असता का? निचरा अडलेला होता, त्यामुळे कदाचित नाही. पण नळी घालण्याची वेळ अलीकडे आली असती आणि नॉरॲड्रेनलिन कदाचित कमी लागले असते. सिस्टरने सांगितलेला तास न थांबता अर्ध्या तासात परत येणे हे मात्र निर्णायक ठरले. अकरा दहापर्यंत वाट पाहिली असती तर आणखी अर्धा तास गेला असता.

बाईंचे लॅक्टेट रात्री एकला ३.४ आणि सकाळी सातला १.७ झाले. दुसऱ्या रात्री नॉरॲड्रेनलिन बंद झाले. दोन्ही कल्चरमध्ये आणि मूत्रपिंडातून निघालेल्या लघवीत ई. कोलाय वाढले, अनेक अँटिबायोटिकना न जुमानणारे, पण मेरोपेनेमला संवेदनशील. चौथ्या दिवशी त्या वॉर्डात परतल्या, अकराव्या दिवशी घरी.

वॉर्डाने नंतर दोन बदल केले. हॅण्डओव्हरच्या कागदावर ‘नेहमीचे बीपी आणि नाडी’ असा रकाना आला, शेजारी बीटा ब्लॉकर आहे की नाही. फोनशेजारी एसबारचा छापील कागद आला, त्यात शेवटची ओळ ठळक: ‘मला तुमच्याकडून काय हवे आहे’. श्वास मोजण्याबद्दल सूचनाफलक लावायचा विचार झाला आणि सोडला; फलकांनी ही सवय बदलत नाही. त्याऐवजी इन्चार्ज सिस्टर रोज एका रुग्णाचे श्वास स्वतः मोजून चार्टशी ताडून पाहते.

घरी सोडताना मुलीला सांगितले गेले की पुढचे काही आठवडे, कधी महिनेही, थकवा, झोप मोडणे, विसरायला होणे, केस गळणे, मन उदास होणे चालू राहू शकते. सेप्सिसनंतर हे होते आणि त्याला आळस समजायचे नाही. स्टेंट अजून आत आहे, तो काढायची तारीख चुकवायची नाही. पुन्हा थंडी वाजून आली, धाप लागली, लघवी कमी झाली किंवा बोलणे असंबद्ध वाटले तर ताप आहे की नाही याची वाट न पाहता थेट अपघात विभागात यायचे, आणि दारातच सांगायचे: आईला आधी सेप्सिस झाला होता, आत स्टेंट आहे.